कॉर्नर मिळवला कोणी?

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर हॉकीच्या सामन्याचे वृत्त आले की मी ते दोनदा वाचतो. पहिल्यांदा निकालासाठी आणि दुसऱ्यांदा त्यात काय राहून गेले ते पाहण्यासाठी. राहून गेलेली गोष्ट बहुतेक वेळा एकच असते. गोल कोणी केला, कितव्या मिनिटाला केला, तो मैदानी होता की पेनल्टी कॉर्नरवरचा, एवढे व्यवस्थित छापलेले असते. पण तो पेनल्टी कॉर्नर, म्हणजे समोरच्या संघाने आपल्या गोलाजवळ चूक केल्यावर मिळणारी गोलाची संधी, मिळवला कोणी, हे कोठेही नसते. यात एकट्या आपल्या वार्ताहराचा दोष आहे असे मी म्हणणार नाही, कारण आंतरराष्ट्रीय सामन्याच्या अधिकृत तक्त्यातही गोल करणाऱ्याचे नाव, मिनिट आणि गोलाचा प्रकार यांवरच भर असतो. तरीही खेळाडूंच्या कामगिरीचे मोजमाप आणि विश्लेषण यांविषयी आजकाल जे मोठमोठे शब्द कानांवर पडतात, त्यांच्या मानाने सामान्य प्रेक्षकाच्या हाती पडणारी माहिती फारच तोकडी आहे, आणि त्या तोकड्या माहितीवरच आपण खेळाडूंना डोक्यावर घेतो किंवा मोडीत काढतो, म्हणून हे पत्र.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचे उदाहरण घेतो. बरोबरीनंतरच्या शूटआऊटमधले गोल सोडले तर भारताने आठ सामन्यांत १५ गोल केले आणि त्यांतले १० एकट्या कर्णधार हरमनप्रीत सिंगचे होते. स्पर्धेत सर्वाधिक गोल त्याचे, स्पेनविरुद्धच्या २-१ अशा कांस्यपदकाच्या लढतीतले दोन्ही गोल त्याचे, आणि त्या वर्षीचा आंतरराष्ट्रीय महासंघाचा सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला. त्यात वावगे काही नाही. परंतु हरमनप्रीत हा बचावपटू आहे. त्याचे जवळपास सगळे गोल पेनल्टी कॉर्नर आणि पेनल्टी स्ट्रोक यांवर होतात, आणि कॉर्नर काही आपोआप मिळत नाही. कोणीतरी आघाडीपटू कडेने ‘डी’मध्ये, म्हणजे गोलासमोर आखलेल्या अर्धवर्तुळात, घुसतो, समोरचा बचावपटू कोणत्या पायावर भार देऊन उभा आहे हे क्षणात हेरतो, आणि गोलाकडे फटका मारण्याचा मोह आवरून चेंडू नेमका त्याच्या बुटावर लावतो. पंचांचे दोन्ही हात गोलाच्या दिशेने पसरतात. मग एकजण रेषेवरून चेंडू टाकतो, दुसरा तो वर्तुळाबाहेर अचूक थांबवतो, आणि तेथे चेंडू वीतभर जरी पुढे-मागे झाला तरी जगातला सर्वोत्तम ड्रॅग फ्लिकरही, म्हणजे काठीने चेंडू ओढून गोलाकडे भिरकावणाराही, हतबल होतो. दुसऱ्या दिवशी या तिघांच्या नावांपुढे शून्य असते, आणि ‘आघाडीची फळी निष्प्रभ’ असा मथळा वाचून ज्याने कॉर्नर मिळवला त्याचीच चहाच्या टपरीवर हजेरी घेतली जाते.

मी रेल्वेत गार्ड होतो आणि नोकरीची बहुतेक वर्षे भुसावळ विभागात गेली. गाडी चाळीस मिनिटे उशिरा पोहोचली, एवढे लिहून गार्डाची सुटका होत नसे. सिग्नलला किती मिनिटे गेली, क्रॉसिंगसाठी किती थांबावे लागले, इंजिनाच्या बिघाडात किती गेली, असा मिनिटामिनिटाचा हिशेब लिहून द्यावा लागे, कारण जाब कोणत्या खात्याला विचारायचा ते त्यावरून ठरत असे. उशीर दिसतो शेवटच्या स्टेशनावर. झालेला असतो वाटेत. निवृत्तीनंतर ही सवय मी टीव्हीसमोर बसून हॉकीला लावली. वहीच्या प्रत्येक पानावर दोन ‘डी’ काढायचे, आपला संघ आत शिरला की निळ्या पेन्सिलीने रेघ, समोरचा शिरला की तांबड्या पेन्सिलीने, आणि रेघेच्या टोकाशी खेळाडूचा क्रमांक. ऐन वेळी दूरचित्रवाणीवाले मागचा प्रसंग पुन्हा दाखवत बसतात आणि तेवढ्यात चेंडू दुसऱ्या टोकाला गेलेला असतो, त्यामुळे माझ्या वह्यांना शास्त्रशुद्ध म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण सात-आठ वर्षे असे लिहीत गेल्यावर एवढे खात्रीने सांगू शकतो की वहीतले पान आणि दुसऱ्या दिवशीचा मथळा यांची गाठ क्वचितच पडते.

न मोजण्याची ही खोड आपल्याकडे फार जुनी आहे. धनराज पिल्ले हा आपल्या खडकीचा. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि ३३९ आंतरराष्ट्रीय सामने ही त्याची कारकीर्द सगळ्यांना तोंडपाठ आहे. मात्र त्याने गोल किती केले याची अधिकृत नोंद त्या काळच्या भारतीय महासंघाने ठेवलीच नाही. १७० च्या पुढे असतील असे सांगितले जाते, आणि ‘असतील’ यावरच आपल्याला समाधान मानावे लागते. त्याच काळातल्या पाकिस्तानच्या सोहेल अब्बासचे गोल मात्र ३४८, असे एका आकड्यात सांगता येतात. आणखी मागे गेले तर १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात आपण जर्मनीला ८-१ असे हरवले, त्यात मेजर ध्यानचंद यांचे गोल कोणी तीन सांगतो तर कोणी सहा. ज्या देशाने हॉकीत आठ सुवर्णपदके मिळवली, त्याला आपल्या सर्वांत मोठ्या खेळाडूच्या सर्वांत मोठ्या सामन्यातले गोल एकमताने सांगता येऊ नयेत, याला काय म्हणावे? गोलांचीच ही कथा, तर धनराजने किती कॉर्नर मिळवून दिले, त्याच्या धावण्याने किती बचावपटू जागा सोडून ओढले गेले आणि त्या मोकळ्या जागेतून कोणी गोल केले, हे विचारण्यात अर्थच नाही.

याच्या उलट उत्तर अमेरिकेत बर्फावर खेळली जाणारी हॉकी पाहावी. तो खेळ आपल्या ओळखीचा नाही आणि मलाही त्यात मारामारी जरा जास्तच वाटते, पण हिशेबाच्या बाबतीत ती मंडळी आपल्या फार पुढे आहेत. तेथील नॅशनल हॉकी लीगमध्ये १९६७-६८ च्या हंगामापासून एक साधा हिशेब अधिकृतपणे ठेवला जातो: दोन्ही संघांचे खेळाडू समसमान असताना आपल्या संघाने गोल केला, तर त्या वेळी बर्फावर असलेल्या आपल्या प्रत्येक खेळाडूला अधिक एक, आणि गोल खाल्ला तर प्रत्येकाला उणे एक. पुढे लक्षात आले की गोल हे फार थोडे होतात, त्यामुळे नशिबाचा वाटा मोठा राहतो. म्हणून गोलाऐवजी गोलाकडे मारलेला प्रत्येक फटका मोजायला सुरुवात झाली, मग तो आत जावो, गोलरक्षकाने अडवो, बचावपटूच्या अंगावर आदळो की बाहेर जावो. या मोजमापाला जिम कॉर्सी या गोलरक्षकांच्या प्रशिक्षकाचे नाव मिळाले, कारण गोलरक्षकावर सामन्यात खरा ताण किती पडतो हे त्यांना पाहायचे होते. ते सर्व खेळाडूंना लावून पाहण्याचा उद्योग मात्र पुष्कळसा हौशी प्रेक्षकांनीच केला, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते.

ही पद्धत आपल्या हॉकीला फुटबॉलपेक्षाही जास्त लागू पडेल असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण आपल्या खेळाच्या नियमांतच आहे. हॉकीत खेळाडूंची अदलाबदल हवी तितक्या वेळा करता येते. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार सत्रांत आघाडीचे खेळाडू काही मिनिटे जीव तोडून धावतात, बाहेर बसतात आणि पुन्हा आत येतात; त्यामुळे दोन खेळाडू एकाच सामन्यात ‘खेळले’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यांतला एक ३० मिनिटे मैदानावर असतो आणि दुसरा ४५ मिनिटे. दर सामन्यामागे किती गोल, हा हिशेब येथे मुळातच लंगडा आहे. त्याऐवजी अमुक खेळाडू मैदानावर असताना आपला संघ प्रतिस्पर्ध्याच्या ‘डी’मध्ये किती वेळा शिरला आणि प्रतिस्पर्धी आपल्या ‘डी’मध्ये किती वेळा शिरला, एवढेच मिनिटांच्या हिशेबाने मांडले, तरी आज ज्यांची नावे कोणी घेत नाही असे दोन-चार खेळाडू वर आलेले दिसतील. राष्ट्रीय संघाच्या विश्लेषकांकडे असे तक्ते निश्चितच असतात. चित्रफितींचे तुकडे पाडून प्रत्येक प्रवेश आणि प्रत्येक हुकलेला पास ते मांडतात. ती शिदोरी ड्रेसिंग रूमच्या दाराबाहेर येत नाही, एवढीच अडचण आहे.

बचावाच्या बाबतीत तर आपण पूर्णच आंधळे आहोत. पॅरिसच्या उपांत्यपूर्व सामन्यात ब्रिटनविरुद्ध सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले आणि उरलेली चाळीसहून अधिक मिनिटे भारत दहाजणांनिशी खेळला. सामना १-१ असा सुटला आणि शूटआऊटमध्ये आपण ४-२ ने जिंकलो. त्या दिवसाचे श्रेय गोलरक्षक श्रीजेशला मिळाले आणि ते रास्तच होते. पण रोहिदासला पुढच्या सामन्याची बंदी झाली, जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात तो नव्हता, आणि त्या सामन्यात गोंझालो पेइयाने पेनल्टी कॉर्नरवर गोल केला. रोहिदास हा आपला पहिला धावणारा, म्हणजे कॉर्नर टाकताच गोलरेषेवरून थेट फ्लिकरच्या अंगावर झेपावणारा खेळाडू. तो असता तर तो गोल झालाच नसता असे मी म्हणत नाही. परंतु समोरून वेगाने येणाऱ्या चेंडूवर अंग घालणाऱ्या माणसाने फ्लिकरला किती वेळा घाई करायला लावली, किती चेंडू त्याच्या काठीवर किंवा गुडघ्याच्या पट्ट्यांवर आदळले, याची नोंद क्रीडा पानावर कधी वाचल्याचे मला आठवत नाही. आपण २-३ असे हरलो, एवढेच नोंदले गेले. (प्रांजळपणे सांगायचे तर ब्रिटनच्या सामन्याचे माझ्या वहीतले पान लाल कार्डानंतर कोरे आहे. पेन्सिल हातात होती, पण लिहिण्याचे भान राहिले नाही.)

मधल्या फळीची गोष्ट याहून निराळी नाही. २०२३ च्या विश्वचषकात राउरकेला येथे इंग्लंडविरुद्धच्या गोलशून्य बरोबरीत हार्दिक सिंगला दुखापत झाली आणि तो पुढे खेळू शकला नाही. वेल्सविरुद्ध आपण जिंकलो खरे, परंतु त्यानंतर न्यूझीलंडविरुद्ध ३-३ अशा बरोबरीनंतर शूटआऊटमध्ये हरलो आणि मायदेशातल्या स्पर्धेत नवव्या स्थानी राहिलो. त्या सामन्यानंतर सारी चर्चा फसलेल्या कॉर्नरांची आणि दडपणाची झाली. बचावाकडून चेंडू घेऊन तो मधल्या पट्ट्यातून पुढे नेणारा माणूस नसल्यामुळे किती हल्ले मध्यरेषेवरच विरले, हे कोणी मोजून दाखवले नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाने त्याच वर्षी हार्दिकला सर्वोत्तम खेळाडू ठरवले, तेव्हा आमच्या परिचयातल्या एका सुशिक्षित गृहस्थांनी मला विचारले, “पण त्याचे गोल किती?”

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर हे पत्र म्हणजे आकड्यांची आरती होईल. खेळाडूंच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, जीपीएसचे यंत्र बांधून तो किती धावला, किती वेळा वेग घेतला हे मोजण्याची पद्धत आपल्या राष्ट्रीय संघांतही रुळली आहे. त्या यंत्राचा खरा उपयोग खेळाडूच्या शरीरावर किती भार पडला हे कळण्यासाठी आहे. कोण चांगला खेळला हे ते यंत्र सांगू शकत नाही. जो बचावपटू योग्य जागी उभा राहतो त्याला धावावे लागत नाही, आणि ज्याची जागा चुकते तो मागे पळत सुटतो व तक्त्यात त्याचे किलोमीटर वाढतात. पुढे पळणाऱ्या घोड्याइतकाच वाट चुकलेला घोडाही दमतो. तरीही आमच्या भागात या यंत्राची गरज मला वेगळ्याच कारणासाठी वाटते. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांकडे जातो आणि नेमक्या त्याच सुट्टीत मुलांची शिबिरे भरतात. कोणत्या मुलाला आज विश्रांती द्यायची हे डोळ्यांनी ओळखणारे प्रशिक्षक आहेत, पण साठ मुलांमागे एक प्रशिक्षक असला की डोळे कोठे कोठे पुरणार? येथे भार मोजणे ही चैन नाही.

आकड्यांचा दुसरा धोका म्हणजे थोडक्या आकड्यांवर मोठा निकाल देणे. समजा, एका स्पर्धेत एका फ्लिकरला २५ कॉर्नर मिळाले आणि त्याने सहा गोल केले, तर दुसऱ्याने तेवढ्याच कॉर्नरांवर चार केले. टक्केवारी काढली तर २४ आणि १६ येते, आणि पहिला दीडपट चांगला वाटतो. प्रत्यक्षात फरक दोन गोलांचा आहे, आणि ते दोन चेंडू खांबाला लागून आत गेले की बाहेर, एवढ्यावर तो उलटू शकतो. मोजण्याचे नियम बदलले तर आकड्यांचा अर्थही बदलतो. हॉकी इंडिया लीगमध्ये २०१६ साली मैदानी गोल दोन गोलांच्या बरोबरीचा धरला जाऊ लागला होता. हेतू चांगला असेल, पण त्या वेळची धावसंख्या (क्षमा असावी, क्रिकेटचा शब्द लेखणीत शिरला) आजच्या सामन्यांशेजारी ठेवून कोणी तुलना करू लागला तर फसगत ठरलेली. म्हणून माझी मागणी जास्त आकड्यांची नसून योग्य आकड्यांची आहे, आणि त्यांच्या शेजारी कारण लिहिलेले असावे, जसे आमच्या नोंदवहीत मिनिटांच्या शेजारी असे.

हे सारे मला राष्ट्रीय संघाइतकेच गल्लीतल्या हॉकीसाठी वाटते. काही वर्षांपूर्वी मी खान्देशातल्या एका शालेय स्पर्धेचे सामने पाहायला गेलो होतो. मुरमाचे मैदान, चुन्याने आखलेला आणि दुपारपर्यंत अर्धा पुसला गेलेला ‘डी’, आणि उधार आणलेल्या पॅडमध्ये उभी असलेली गोलरक्षक. एका संघात मध्यभागी खेळणारी एक किरकोळ अंगाची मुलगी होती. प्रतिस्पर्ध्यांचा प्रत्येक हल्ला तिच्यापाशी येऊन थांबे. ती झटापट न करता काठी अशी टेकवे की चेंडू तिच्याकडे स्वतःहून आल्यासारखा वाटे, आणि पुढच्या क्षणी तो कडेच्या मुलीकडे गेलेला असे. अंतिम सामन्यात मी वहीत मोजले. तिने चौदा वेळा चेंडू काढून घेतला, त्यांतून संघाला तीन कॉर्नर मिळाले आणि सामना २-० असा जिंकला. पुढच्या पातळीच्या संघाची यादी लागली तेव्हा दोन्ही गोल करणारी मुलगी त्यात होती, ती नव्हती. निवड करणाऱ्यांपैकी एकांना मी विचारले तेव्हा त्यांनी कागद पुढे केला. कागदावर गोल करणाऱ्यांची नावे आणि आकडे होते, दुसरे काही नव्हते. त्यांच्या मनात कपट होते असे मला वाटले नाही. तीन दिवसांत वीस-बावीस सामने पाहिलेल्या माणसाने शेवटी कागदावरच विश्वास ठेवायचा, आणि कागदाला ती मुलगी ठाऊक नव्हती. मैदानाबाहेर तिचे आजोबा शेजारच्या मुलाला विचारत होते, “कितला गोल कयात रे पोरीनी?” मुलाने नकारार्थी मान हलवली.

अशा स्पर्धांसाठी जीपीएस नको, संगणक नको, परदेशी विश्लेषकही नको. प्रत्येक सामन्याला गुणलेखकाच्या शेजारी वरच्या वर्गातली दोन मुले बसवावीत. एकाने ‘डी’मधले प्रवेश लिहावेत, दुसऱ्याने मिळालेले कॉर्नर आणि काढून घेतलेले चेंडू, खेळाडूच्या क्रमांकासह. चुका होतील. माझ्याही होतात. पण संघ निवडणाऱ्याच्या हातात एकाऐवजी तीन कागद पडतील. मुरमाच्या मैदानावरचे आकडे कृत्रिम गवतावरच्या आकड्यांशी जोडता येणार नाहीत, कारण मुरमावर चेंडू उसळतो आणि अर्धे पास त्यातच जातात. मात्र एकाच मैदानावर खेळलेल्या मुलींची एकमेकींशी तुलना करायला ते पुरेसे आहेत. साताऱ्यासारख्या जिल्ह्यातून वैष्णवी फाळके हिच्यासारख्या मुली राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचल्या आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलींचे पाय कमी चालतात असे मानायला मला तरी काही आधार दिसत नाही.

आपल्याकडे माझी विनंती लहान आहे. हॉकीच्या सामन्याच्या वृत्ताखाली गोल करणाऱ्यांच्या ओळीनंतर आणखी एक ओळ द्यावी: पेनल्टी कॉर्नर किती मिळाले आणि शक्य असेल तेथे ते कोणी मिळवले. जागा एका बोटापेक्षा जास्त लागणार नाही. राष्ट्रीय सामन्यांसाठी ही माहिती जमवणे जड जात असेल तर जिल्हास्तरीय शालेय स्पर्धांपासून सुरुवात करावी. त्या सामन्यांना मी बहुधा हजर असतोच, आणि दोन्ही पेन्सिली टोक काढून तयार असतात. आपला वार्ताहर आला तर पहिल्या बाकावर, नीलगिरीच्या सावलीत, त्याच्यासाठी जागा धरून ठेवीन.

आपला नम्र,
एक हॉकीप्रेमी वाचक (निवृत्त रेल्वे गार्ड),
भुसावळ, जि. जळगाव